कठड्याला बांधलेला लाल मफलर

मी एक लाल मफलर. सध्या व्हिएन्नाच्या ऑपेरात, उभ्यानं गाणं ऐकणाऱ्यांच्या कठड्याला करकचून बांधलेला. आमच्या बाईसाहेब सॉसेज खायला बाहेर गेल्यात, तेवढ्यात तुमच्याशी बोलून घेतो. एकदा का सूर लागले की मला शुद्ध राहत नाही!

जन्म माझा दूर जॉर्जियातला, कुताइसीचा. आमच्या बाईसाहेब, म्हणजे नेस्तान, परदेशी निघाली तेव्हा तिच्या आईनं मला घाईघाईत विणलं. विणताना रडत होती, त्यामुळं माझं एक टोक दुसऱ्यापेक्षा चांगलं चार बोटं रुंद झालं.

"राहू दे गं आई, कोण बघतंय!" असं म्हणून नेस्ताननं मला गळ्यात टाकलं आणि बसमध्ये चढली.

इथं ती एका बेकरीत लागली. पहाटे पीठ मळायचं आणि दुपारी आम्ही दोघं उंडारायला मोकळे! अहो, काय शहर आहे हे! ट्राम वळणावर अशी किणकिणते की वाटतं आपल्यालाच हाक मारतेय. भाजलेल्या चेस्टनटचा वास माझ्या लोकरीत असा शिरला की आठवडाभर मी स्वतःलाच हुंगत होतो. कॅफेत पहिल्यांदा तिनं "एक कॉफी" मागितली, तर काळ्या कोटातले वेटरबुवा भुवई चढवून म्हणाले, "नुसती कॉफी असं काही नसतं, बाई. कुठली आणू?"

नेस्तान घाबरून म्हणाली, "तुम्ही पिता ती."

बुवा एकदम खूश! फेसाळ दुधाची कॉफी आली, सोबत पाण्याचा पेला आला, आणि संध्याकाळपर्यंत कुणी ऊठ म्हणायला आलं नाही. संग्रहालयात एका गावजेवणाच्या जुन्या चित्रासमोर ती बसून राहायची. "तो वाढपी बघ, अगदी आमचा शेजारी!" असं सांगायची. कुणाला? तर मला. कारण सांगायला दुसरं होतंच कोण?

तीच तर गोम होती. मी या शहरावर पार लट्टू झालो होतो आणि नेस्तान मात्र एकटी पडली होती. "सगळं सुंदर आहे रे," ती मला कुरवाळत म्हणायची, "पण यातलं माझं काय?" शेवटी आईचा फोन आला. मावशीच्या दुकानात काम आहे, ये परत. नेस्तान हो म्हणाली आणि रविवारच्या बसचं तिकीट काढून बसली. माझ्या तर धाग्याधाग्यात धस्स झालं. मला नव्हतं हो जायचं!

शनिवारी ती म्हणाली, "जाता जाता एकदा ऑपेरा बघू." रांगेत उभी राहून तिनं उभ्याचं तिकीट काढलं. बाकीचे लोक धावत आत गेले, ही मात्र जिन्यावरची झुंबरं बघत रेंगाळली. आम्ही पोचलो तेव्हा तिथं माणूस नाही काणूस नाही. कठड्याला मात्र ओळीनं मफलर, रुमाल, एक टायसुद्धा!

"अगं बाई! किती विसरभोळी माणसं!"

बेकरीत कुणाचा हातमोजा राहिला तर ही बया रस्ताभर पळत जाऊन देणार. मग काय, भराभर सगळ्या गाठी सोडल्या, ढीग छातीशी धरला आणि खाली कोट ठेवतात तिथं नेऊन दिला. "घ्या हो, लोक विसरून गेलेत."

तिथल्या गृहस्थाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, हे कुठनं आणलंत? अहो, त्या त्यांच्या जागा आहेत! मफलर बांधला की जागा राखली, मग पडदा उघडेपर्यंत खुशाल फिरून यायचं. इथं कुणी दुसऱ्याच्या गाठीला हात लावत नाही."

तेवढ्यात आतून गलका उठलाच. "माझा निळा कुठाय?" "इथं मी होतो!" "काहीतरीच! तुम्ही खांबामागं होता, नेहमीच असता!"

नेस्तान ढीग घेऊन परत आली. मी तिच्या गळ्यात होतो, तिची मान तापलेली मला कळत होती. "माफ करा," ती कशीबशी म्हणाली, "मला वाटलं हरवलेत. मी... मी उद्या जातेच आहे."

सगळ्यांत पुढं हेडविगबाई होत्या. इथल्या सर्वांत जुन्या ऐकणाऱ्या. त्यांच्यापुढं भलेभले चळचळा कापत.

"उद्या जातेस? आम्हाला एका फटक्यात बेघर करून पळतेस होय गं?"

आणि त्या हसल्या! मग काय, सगळेच खो खो हसायला लागले. हेडविगबाईंनी ढिगातून आपला राखाडी मफलर ओढून बांधला. मग हात लांब करून मलाच नेस्तानच्या गळ्यातून काढलं. माझं रुंद टोक चाचपलं.

"आईनं विणलाय?"

"हो."

"सरका रे जरा!" त्या खेकसल्या आणि मला आपल्या शेजारी बांधून टाकलं. "ही जागा तुझी. आता कुणाच्या बापाची टाप नाही ही गाठ सोडायची."

"माझी?"

"मग काय माझ्या मांजराची? नाव काय तुझं?"

"नेस्तान."

"चल नेस्तान, सॉसेज खाऊन येऊ. वेळ आहे."

मी मागं राहिलो, एकटा, पहिल्या रांगेत! मग दिवे मंदावले, ती गाणारी बाई पुढं आली, आणि काय सांगू, मी गाठीतल्या गाठीत नाचलो. नेस्तान इतकी रडली की तिनं मलाच नाक पुसलं. मध्यंतरात लोक चिडवत होते, "नेस्तान, आमचे मफलर सांभाळ हं!" तिच्या नावानं हाक ऐकून मी लोकरीचा असून शहारलो.

रविवारची बस गेली. आम्ही हेडविगबाईंबरोबर कॅफेत कालच्या गाण्यावर भांडत होतो. नेस्ताननं आईला फोन केला. "आई, नाही येत गं. मला इथं जागा मिळालीय."

"कसली? कामाची?"

"उभं राहायची."

पोरीला वेड लागलं म्हणून आई पुन्हा रडली.

आता माझ्या झालरी गळाल्यात, पोटात गाठीची घडी कायमची बसलीय. हेडविगबाई गेल्या. पण त्यांचा राखाडी मफलर नेस्तान अजून माझ्या शेजारी बांधते, आणि बावरलेलं कुणी नवखं दिसलं की त्याला ओढून तिथं उभं करते, "ही जागा तुझी" म्हणून.

तेव्हा एकच मागणं. कधी आलात इथं, आणि मी असा एकटा लोंबकळताना दिसलो, तर दया येऊन मला सोडवू नका. मी हरवलेला नाही हो. मी इथलाच आहे.