कोथिंबिरीचा डबा आणि मावशींचं नाक

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. एके काळी माझ्यात पंधरा किलो तेल मावायचं. आता एक बाजू कापलेली, बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं आणि पोटात माती, असा गॅलरीत आडवा पडलेला असतो. रूपाचं म्हणाल तर आनंदच आहे. पण माझ्या पोटी जे उगवलं ते देखणं होतं, म्हणून दोन शब्द बोलतो.

कारखान्यातून निघालो तो एका कचेरीच्या कँटीनमध्ये आलो. तिथे स्वयंपाकाला मावशी होत्या. त्यांच्याहून मोठे साहेबसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. काय नाक होतं त्यांचं! पाठमोऱ्या भांडी विसळत असल्या तरी म्हणायच्या, "लागतंय गं, उतरव." बघावं तर पातेल्याने नुकता कुठे तळ धरलेला असायचा. दूध नासणार हे दुधाच्या आधी त्यांना कळायचं. माझ्यातलं तेल संपलं तेव्हा, "असू दे, कशाला तरी होईल," म्हणत त्यांनी मला घरी आणलं. मग वर्षभर मी केरसुणीशेजारी उपडा पडून होतो. त्या वर्षाबद्दल न बोललेलं बरं.

पुढे मावशींना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. साबण, कॉफी, अत्तर, सगळं एकच. कँटीनने निरोप धाडला, बऱ्या झालात की या, जागा ठेवतो. पण नासलेलं दूध ओळखता येईना, तर शंभर माणसांना जेवू कसं घालायचं? मावशी दिवसभर पलंगावर बसून राहू लागल्या.

त्यांचे यजमान, म्हणजे आपले काका, शिंपी. पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन. एका गिऱ्हाइकाने त्यांना सांगितलं, रोज ओळखीचा वास नाकाशी धरा, नाक हळूहळू जागं होतं. मावशींचा जीव कोथिंबिरीवर. मग काय, काकांनी मला कापलं, भोकं पाडली, माती भरली आणि अख्खे धणे वीतभर खोल पुरले. दोन आठवडे झाले तरी हिरवा ठिपका दिसेना.

मावशी उठून गॅलरीच्या दारात आल्या. "अहो, धणे पेरलेत की लपवलेत?"

मग त्यांनीच धणे चपलेखाली रगडून त्यांच्या दोन दोन फाका केल्या, रात्रभर भिजवल्या, आणि सकाळी बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल मातीत घातल्या. काकांना कुठला धीर! चौथ्या दिवशीच ते बोटाने माती उकरू लागले. मावशींनी हातावर चापट मारली. "रोज उकरून बघितलं तर उगवेल कसं?"

दहाव्या दिवशी माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. इवली इवली पानं वर आली. मला तेव्हा इतकं बरं वाटलं, की वर्षभराचं उपडेपण विसरलो. पानं थोडी मोठी झाल्यावर काका रोज सकाळी एक पान चुरगळून मावशींच्या नाकाशी धरत.

"आला?"

"नाही हो."

महिनाभर हेच. काका हसून "उद्या येईल" म्हणायचे आणि मशीनवर जाऊन बसायचे. मशीन मात्र बराच वेळ चालायचं नाही. मग एका सकाळी माझ्यावर वाकून मावशी म्हणाल्या, "आला. मस्त घमघमतेय. सोमवारपासून कामावर जाते."

काकांनी माझ्या कोपऱ्याकडे पाहिलं. कारण मित्रांनो, त्या पहाटे माझ्या कोपऱ्यात मांजर घाण करून गेलं होतं. अशी दुर्गंधी, की काकांनी दारातच नाक धरलं होतं.

"मांजर येऊन गेलंय इथे," काका हळूच म्हणाले. "तुला नाही कळलं?"

मावशी उंबऱ्यावर बसल्या. "तुम्ही रोज उकरून बघता," त्या म्हणाल्या. "नाही म्हटलं की तुमचं तोंड बघवत नाही. म्हणून म्हटलं, उगवलं."

काकांनी घाण काढली, हात धुतले आणि त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवसापासून त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. सोमवारी मावशी कामावर गेल्या नाहीत.

ऊन वाढलं. कोथिंबिरीला पांढरी फुलं आली, मग धणे धरले आणि वाळले. माझ्याकडे कुणी फिरकेना. बुडाला गंज चढला. आता भंगारातच जाणार, असं मी धरून चाललो होतो.

पण एका दुपारी काका चप्पल घेऊन माझेच धणे रगडायला बसले. आत मावशी पाठमोऱ्या भांडी विसळत होत्या.

"लागतंय हो, उतरवा," त्या म्हणाल्या.

"काय उतरवू? गॅस बंद आहे."

भांड्यांचा आवाज थांबला. काकांच्या हातातली चप्पल गळून पडली. ते पुढच्या खोलीकडे धावले. गिऱ्हाइकाच्या नव्या पॅन्टवर इस्त्री तशीच राहिली होती. तीस वर्षांत त्यांनी कुणाचं कापड जाळलं नव्हतं. ती पॅन्ट घेऊन ते रडत रडत आले आणि मावशींच्या नाकाशी धरून त्यांनी कित्येक दिवसांनी विचारलं, "आला?"

"आला हो," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "किती वेळ ठेवली होती?"

कोथिंबिरीचा वास त्यानंतर दोन महिन्यांनी आला, दुसऱ्या पिकाच्या वेळी. आता मावशी कँटीनमध्ये आहेत आणि माझ्यात तिसरं पीक आहे. काकांनी माझ्या गंजावर रंगाचा हात दिला.

तेव्हा मित्रांनो, घरात एखादा जुना डबा असेल तर फेकू नका. धणे पेरा, पाणी बेताने घाला. आणि कुणी आजारी असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याचं हवं-नको बघा. फक्त रोज उकरून बघू नका.