लाजरा देव

मी घंटी दिली नव्हती, तरी ड्रायव्हर मुखरूभाऊंनी एसटी बाजूला घेतली. मूल गाव मागे राहिलं होतं, सिंदेवाही पुढे होतं, आणि मधल्या त्या वळणावर साग नि बांबू सोडला तर चढणारं-उतरणारं कोणी नव्हतं.

"काऊन थांबली जी?" मागून कोणीतरी विचारलं.

मुखरूभाऊ पाण्याची बाटली काखेत दाबून उतरले. एक गोटा उचलून सागाच्या बुडाशी ठेवला, हात जोडले. "देवाले गोटा वाहून राह्यलो," असं सगळ्या गाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले आणि बांबूच्या बेटामागे गेले.

मी कंडक्टर. वेळ टिपून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. सात मिनिटं लागली. ते परतले तेव्हा बाटली रिकामी होती आणि चेहरा पांढराफटक. देवाला इतकं पाणी कशाला लागतं, हे मी विचारलं नाही.

जंगलातून जाताना देवाला गोटा वाहायची आमच्याकडे रीतच आहे. त्यामुळे गाडीत कोणाला नवल वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोट्याशेजारी चार गोटे पडले. महिन्याभरात ढीग झाला, ढिगाला शेंदूर लागला.

पुढच्या सीटवर रोज मंगली बसायची. जंगलगावातली म्हातारी, झाडू विकायला बाजारात जायची. ती एकदा मला म्हणाली, "ह्या जंगलातले सारे देव माह्या ओळखीचे हायेत, कंडक्टरभाऊ. हा नवीन आला वाटते." असं म्हणताना ती देवाकडे नव्हे, मुखरूभाऊंच्या बाटलीकडे पाहत होती. मग उतरली आणि तिनंही एक गोटा वाहिला.

ही २००९ सालची गोष्ट. त्याच पावसाळ्यात मुखरूभाऊ मला सोबत घेऊन नागपूरच्या डॉक्टरकडे गेले. गाडीत बोलता येणार नाहीत अशा गोष्टी त्यांनी तिथे सांगितल्या. दिवसातून दहा वेळा जावं लागतं, रक्त पडतं, आणि एकदा कळ आली की पाच मिनिटंही धीर निघत नाही.

डॉक्टर तरुण होते, समजावून सांगायची हौस असलेले. "तुमच्या मोठ्या आतड्याला सूज आहे. आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, त्यांचा मेळ आहे तोवर घर शांत. मेळ बिघडला की सूज वाढते. शिवाय सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. लोक त्याला आनंदाचं रसायन म्हणतात, पण ते शंभरातले नव्वद भाग पोटातच तयार होतं. आतडं हलवणं हे त्याचं काम. त्याचा हिशेब चुकला की आतडं ऐकत नाही. उंदरांमध्ये तर त्यानं सूजही वाढलेली दिसली आहे. आधी काय बिघडतं, ते अजून शोधताहेत."

"एवढा आनंद पोटात हाये, अन् मले पत्ताच नाई," मुखरूभाऊ म्हणाले. "म्हंजे प्याशिंजर कोटीनं, गाडी एक, अन् ब्रेक नाई."

डॉक्टर हसले. गोळ्या लिहिल्या आणि ड्रायव्हिंग काही दिवस सोडा म्हणाले.

परतताना मुखरूभाऊंनी डॉक्टरांची फाइल पिशवीच्या तळाशी घातली. "ही फाइल डेपोत नेली का स्टेरिंग गेलं, गुणवंतराव. मंग डेपोत बसून टायर मोजाचे. रिटायर व्हाले दोन वर्षं रायली हायेत. तेवढी तुमी गप राहा."

मी गप राहिलो. गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण ते वळण काही सुटलं नाही. बाकी सगळ्या रस्त्याला एकतर धानाची बांधी, म्हणजे उघडं शेत, नाहीतर गाडी उभी करायला जागा नाही. आडोसा असा तेवढा एकच.

आणि तोच गेला. सरपंच धनराजनं देवाला ओटा बांधला, वर टिनाचं शेड टाकलं, घंटा टांगली. भक्तांना बसायला जागा हवी म्हणून मागचं बांबूचं बेट साफ केलं. आता शेडपासून पार नाल्यापर्यंत सगळं मोकळं दिसत होतं. मुखरूभाऊंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी संपेपर्यंत जेवायचं बंद केलं.

ओट्याच्या पूजेच्या दिवशी गाडी खचाखच भरलेली होती. धनराज हार घेऊन उभा. "पयला नारळ तुमचाच, मुखरूभाऊ. देव तुमीच शोधला."

मुखरूभाऊ उतरले. नारळ फोडायला वाकले, तो फुटला, पण ते सरळ होईनात. कपाळावर घाम. एका हाताने त्यांनी ओट्याचा काठ धरला होता. पोटात अन्न नव्हतं, तरी पोट ऐकत नव्हतं. साठ माणसं हात जोडून त्यांच्याकडेच पाहत होती. 

मंगली पुढे झाली. "नारळ फुटला. आता सारे रस्त्याकडं तोंड करा."

"काऊन वो बाई?" धनराज म्हणाला.

"हा देव लाजरा हाये. नारळ फुटला का त्याच्याकडं अन् त्याच्या पुजाऱ्याकडं पाहाचं नाई. हॉर्न वाजेपर्यंत मान वळवाची नाई."

"तुले कोणं सांगतलं?"

"माह्ये आजे-पंजे ह्याच जंगलात मेले. तुह्ये कुठी मेले?"

धनराजनं आधी पाठ फिरवली. मग सगळ्यांनी. मीही फिरलो, फक्त घड्याळ तेवढं पाहिलं. मुखरूभाऊंनी परत येऊन हॉर्न वाजवला तेव्हा सात मिनिटं झाली होती.

त्या नेमावर मुखरूभाऊंनी उरलेली नोकरी काढली आणि स्टेरिंग हातात असतानाच रिटायर झाले. परवा घरी गेलो, तर अंगणात खाटेवर होते. "आता संडास पाच पावलांवर हाये, गुणवंतराव," ते म्हणाले. "अन् जायाचं कुठीच नाई."

ते रिटायर झाले तेव्हा त्यांच्या जागी लोकेश आला. तरणाबांड, दगड पचवेल असा. पहिल्या दिवशी त्या वळणावर त्यानं विचारलं, "इथी किती वेळ थांबाचं जी?"

"सात मिनिटं."

गाडी रिकामी झाली. नारळ फुटला, सगळ्यांनी रस्त्याकडे तोंड केलं. मागे कोणी नव्हतं. मंगलीनं पाण्याची भरलेली बाटली गोट्यांजवळ ठेवली आणि तीही पाठ करून उभी राहिली.