चढलेला आकडा

माझा दादा कारखान्यात बॉयलर सांभाळतो. तीस वर्षांत तो एकच शास्त्र शिकला: काटा चढला की आग कमी करायची. हेच शास्त्र त्याने घरात चालवलं आणि ते वहिनीच्या अंगाशी आलं.

वहिनी छापखान्यात मुद्रितं तपासते. थायरॉइड कमी पडतं म्हणून तिला रोज सकाळी एक गोळी. एकदा तपासणीचा कागद आला, टीएसएच चौदा. हवा होता चार-पाचच्या आत. दादाने चष्मा लावला आणि निकाल दिला, "थायरॉइड फारच वाढलंय. गोळी बंद." वहिनीला नवऱ्याचं ऐकायची सवय नाही, पण गोळीचा कंटाळा होता, म्हणून तेवढं ऐकलं.

पुढचे दोन महिने मी समोरच्या घरातून मोजले. अंगात एकावर एक दोन स्वेटर. ताटावर बसल्या बसल्या डुलकी. एका जिन्यात दोन विसावे. दिवसाला वीस पानं तपासणारी बाई अकरावर आली, तेव्हा मालक म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर दुसरं माणूस शोधतो."

त्या संध्याकाळी वहिनी माझ्यापाशी रडली. "वन्सं, हे काम गेलं तर माझ्याजवळ उरतं काय?"

दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला दिलं आणि कागद हाती येताच मी दोघांना डॉक्टरीणबाईंकडे हाकत नेलं.

"गोळी कुणी थांबवली?"

"मी," दादा ऐटीत म्हणाला. "आकडा चढला होता ना."

"अहो, हा आकडा गळ्यातल्या ग्रंथीचा नव्हेच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिचा आहे. गळ्याकडून माल कमी आला की ती हाका मारते. जितकी टंचाई, तितक्या मोठ्या हाका. तेव्हा चौदा होता, आता एकसष्ट."

दादाचा चेहरा उतरला. "म्हणजे ती वाफ मागत होती, आणि मी आग विझवत बसलो."

"पण बाई," वहिनी म्हणाली, "पानं कमी झाली, तरी माझ्या नजरेतून चूक एकही सुटली नाही. हे कसं?"

"मेंदू मोठा धोरणी! रक्तातून जो थोडा माल मिळतो, त्यातला जास्तीत जास्त तो आतल्या आत वापरायच्या रूपात बदलून घेतो. अंग थंडावलं तरी आपली चूल होईल तेवढी पेटती ठेवतो. पण कायम नाही जमायचं. वेळेवर आलात. गोळी आजपासून सुरू, आणि दीड महिना धीर धरा."

छापखान्यात दादा स्वतः गेला. "मालक, चूक माझी आहे, हिची नाही," एवढं बोलायला त्याला दोन पेले पाणी लागलं. मालकांनी वहिनीची शेवटची दहा पानं उचलली, लाल पेन घेऊन अर्धा तास वाचली. पेनाचं टोपण उघडलंच नाही.

"दीड महिना दिला," ते वहिनीला म्हणाले. "मात्र यांना घरात कागद वाचायला देऊ नका."

परवा वहिनीने अठरा पानं केली. मी आत शिरले, तेव्हा दादा तिच्यासमोर गोळी धरून उभा होता.

"तुझ्या डोक्याचे उपकार गं," तो म्हणत होता. "माझ्या डोक्याने तर तुला बुडवलंच होतं."

"उपकार डोक्याचे, मालकांचे आणि वन्संचे," वहिनी म्हणाली. "तुम्ही आधी पाणी आणा."

तो पळतच गेला.