झांजा कुठं गेल्या

कल्याणनं शेवटचा स्क्रू आवळला, स्टुलावरून खाली उतरला आणि मोबाईलवर पुन्हा तेच गाणं लावलं. वडीगोद्रीच्या मैदानात मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांवरून ड्रम गडगडत गेला, गिटारी गुरगुरल्या, हजारो लोकांचा आरडाओरडा झाला. झांजा मात्र नाहीत. ड्रमवाला एवढा जीव खाऊन बडवतोय, मग त्याच्या झांजा गेल्या कुठं? बारीक, तीक्ष्ण आवाज काढणारा जो छोटा ट्विटर स्पीकरच्या खोक्यात वर असतो, तो त्यानं आत्ताच नवाकोरा बसवला होता. तरी तेच.

"काय करून ठेवलंय या म्हाताऱ्यांनी!" तो वैतागून म्हणाला.

स्टेजवर वायरी सोडवत बसलेली त्याची बायको मीना काहीतरी बोलली.

"काय?"

"म्हनलं, चहा घेता का?"

"मंग जरा मोठ्यानं बोलावं ना. निसतं तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं."

मीनानं त्याच्याकडं एकवार पाहिलं आणि थर्मासचं झाकण फिरवलं.

आता अंबडच्या साउंडवाल्यानं काय ऐकावं याचा काही कायदा नाही. पण कल्याणचं खूळ जगावेगळंच होतं. त्याचा दोस्त भागवत औरंगाबादेत कॉलेजला होता, तेव्हा त्यानं एका विलायती हेवी मेटल बँडची कॅसेट आणली आणि कल्याण कामातून गेला तो गेलाच. बँडचं नाव अंबडात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोक सरळ 'कल्याणचे केसाळ' म्हणू लागले. लग्न असो, जयंती असो, नाही तर सप्त्यातलं कीर्तन, साउंड तपासायला कल्याण त्या कॅसेटमधलंच एक गाणं लावणार. महाराज बसलेत, टाळकरी उभे आहेत, आणि केसाळ आपले बेंबीच्या देठापासून किंचाळताहेत! बायका पदराआड हसायच्या. त्या गाण्यातल्या झांजा लख्ख वाजल्या की कल्याण समजायचा, साउंड बराबर आहे. या रीतीनं त्याला कधी दगा दिला नव्हता.

त्याच केसाळांनी, आता टक्कल पडलेल्या आणि सत्तरीला टेकलेल्या केसाळांनी, किती तरी वर्षांनी लाइव्ह अल्बम काढला होता. कल्याणनं त्याची सणासारखी वाट पाहिली होती. आणि निघालं काय, तर हे! भागवत आता जालन्याला मास्तर होता. सकाळीच त्याचा मेसेज आला होता, 'पार निराशा. ऐकू नको.' कल्याणनं 'एकदम बोगस' असं उलट कळवलं तेव्हा त्याला बरंच हायसं वाटलं होतं.

कारण गेले काही महिने त्याला कशाचा कशाशी मेळ लागत नव्हता. कॅसेटमधलं जुनं गाणं याच खोक्यातून झकास वाजत होतं, म्हणजे खोका चांगला. पण गाणाऱ्याचा आवाज त्याला दबका वाटायचा, म्हणून तो ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाचा जोर, वाढवायचा. आणि ट्रेबल वाढवला की लोक उठून मागं जाऊन बसायचे. गेल्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या बायांनी चक्क कानांवर हात ठेवले. कार्यक्रम ठरवणारा रामकिसन तोंडावर म्हणाला होता, "कल्याणराव, तुमचा साउंड कानात टोचून राह्यला. या बारीला असंच झालं तं पुढच्या टायमाला जालन्याहून मागवू." त्यावर कल्याणनं ट्विटर बदलले होते, वायरी बदलल्या होत्या, रामकिसनला मनातल्या मनात शिव्याही घातल्या होत्या. आणि आज तर त्याच्या बहिणीच्या मुलीचा, प्रियदर्शनीचा, भीमगीतांचा पहिला कार्यक्रम होता. साउंड माझ्या मामाचाच पाहिजे, असं पोरगी हट्टानं सांगून बसली होती. आज बिघडलं तर त्याचं नाव जाईलच, पण पोरीचं नाव व्हायच्या आधीच जाईल.

ती आली, पांढऱ्या साडीत, निळा काठ सावरत. माईकसमोर उभं राहून तिनं एक कडवं म्हटलं. कल्याणला आवाज गोधडीतून आल्यासारखा वाटला. त्यानं मिक्सरवरचा ट्रेबल वर नेला. प्रियदर्शनी दचकून थांबली.

"मामा, लई टोचून राह्यलं. जरासं कमी करा ना."

"कमी? अगं, तुझे शब्दच कळून न्हाई राह्यले मला!"

"मला तं बराबर कळून राह्यले."

"तू माईकच्या मागं हायेस. पब्लिकमधी मी हाये."

तिचा चेहरा उतरला. ती मामीकडं वळून काहीतरी बोलली आणि मीनानं तिच्या पाठीवर हात ठेवला. कल्याणला स्वतःचाच राग आला. पण राग आला की तो तारांशी खेळायचा, तसा तो खाली वाकून तारांशी खेळत बसला.

तेवढ्यात भागवतची मोटारसायकल मैदानात शिरली. मोबाईलवर अल्बम पुन्हा सुरू झाला होता. भागवत हेल्मेट काढत लांबूनच ओरडला, "कल्या, बंद कर ते! आजच्या दिवशी तरी नको!"

"वाट लावली ना रे म्हाताऱ्यांनी?"

"वाट? गायकाचा दमच संपला. अर्धं गाणं पब्लिकच म्हणून राह्यली. ते एक वेळ चालंल. पन त्या झांजा?"

कल्याणचा जीव भांड्यात पडला. "तेच तं! सकाळधरनं झांजांचंच म्हणून राह्यलो मी!"

"डोक्यात खिळे ठोकल्यावानी! दुसरं काही ऐकूच येत न्हाई, झांजाच झांजा. मी तं हेडफोन काढून फेकला. ज्यानं हे मिक्सिंग केलं तो ठार बहिरा असला पायजे." भागवत मोठ्यानं हसला.

कल्याणही हसला. मग त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. स्पीकरमधून ड्रम गडगडत होता.

"मीना, हिकडं ये," तो म्हणाला. "या खोक्यापुढं उभी ऱ्हाय. झांज वाजली की हात वर कर."

"मला काय कळतं त्यातलं?"

"ताटात उलथनं पडल्यावानी आवाज असतो. कर हात वर."

मीना उभी राहिली. तिचा हात वर गेला. खाली आला, पुन्हा वर गेला, पुन्हा. कल्याणला वाटलं ही थट्टा करतेय, पण अशा थट्टा करणारी ती बाई नव्हे. तो खोक्याला अगदी कान लावून उभा राहिला. हात वर जात होता आणि त्याला काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. भागवत आता हसत नव्हता.

"थांब," कल्याण म्हणाला आणि त्यानं जुनं गाणं लावलं. आल्या! लख्ख, एकेक झांज! मीनाचा हातही बरोबर तेव्हाच वर गेला. "बघ! हे बघ!" तो भागवतला म्हणाला. बोलता बोलताच त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं खोक्याच्या मागं हात घालून ट्विटरची वायर उपटली.

मीनाचा हात खाली आला आणि खालीच राहिला. "आता न्हाई येऊन राह्यलं," ती मोठ्यानं म्हणाली.

"गेल्या," भागवत म्हणाला.

वायर कल्याणच्या हातात होती आणि त्याच्या डोक्यात झांजा वाजत होत्या. जिथल्या तिथं, एकही न चुकता, भागवतनं आणलेल्या त्या कॅसेटमध्ये वाजायच्या तशाच. तो घाबरला. गाणं पुरतं संपेपर्यंत तो वायर धरून तसाच उभा राहिला.

मग त्यानं वायर जागेवर बसवली आणि मिक्सरशेजारी एक खुर्ची आणून ठेवली.

"बस हितं," तो मीनाला म्हणाला. "टोचलं तं हात खाली कर. दबलं तं वर."

"रामकिसन काय म्हनंल?"

"म्हनू दे."

मैदान भरलं. प्रियदर्शनीनं माईक हातात घेतला आणि आधी मामाकडं पाहिलं. मामानं मीनाच्या हाताकडं पाहिलं. हात खाली आला, कल्याणनं ट्रेबल उतरवला. हात आणखी खाली आला, त्यानं आणखी उतरवला. शेवटी हात तिच्या मांडीवर स्थिर झाला. गाणं सुरू झालं. पुढच्या रांगेतल्या बायांपैकी एकही जागची उठली नाही. एक तर मान डोलावत टाळी धरून बसली होती.

कल्याणला नुसता चढउतार कळत होता, शब्द लागत नव्हते.

"काय म्हणून राह्यली ती?" त्यानं विचारलं.

मीनानं खुर्ची सरकवली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि पोरीच्या मागोमाग एकेक ओळ त्याला सांगत राहिली.