बंसरीच्या हातातला दट्ट्या

मी एक जुना लाकडी दट्ट्या आहे. मित्रांनो, भावनगरात वसुमतीबेनच्या कारखान्यात मी तव्यावरचे खाखरे दाबतो. सुताराने मला बाभळीच्या ओंडक्यातून घडवले, वर धरायला मूठ दिली. खाली जाड फडके बांधून मी कामाला लागलो. वीस वर्षे चटके सोसले, पण कधी कुरकुरलो नाही. कुरकुरायचे काम खाखऱ्याचे!

मग यंत्र आले आणि माझी रवानगी फडताळात झाली. तिथे झुरळांनी तेवढी माझी विचारपूस केली.

मला बाहेर काढले ते बंसरीसाठी. बंसरी एकोणीस वर्षांची. तिला सगळे सावकाश समजते, पण समजलेले ती सोडत नाही. यंत्राचा वेग तिला झेपणारा नव्हता. विशेष मुलांच्या शाळेतल्या तिच्या शिक्षिका हिनाबेन तिला घेऊन आल्या होत्या. पंधरा दिवसांत काम जमले तर सगळ्यांसारखा पगार, नाही तर परत घरी, असे ठरले.

पहिल्याच दिवशी धूर झाला.

"अगं, खाखरा करतेस की कोळसा?" शेजारच्या तव्यावरून जशीबेन ओरडल्या.

"वीस झाल्याशिवाय उलटायचा नाही. हिनाबेननी सांगितलंय," बंसरी म्हणाली, आणि अठरा, एकोणीस, वीस मोजूनच तिने मला उचलले.

वसुमतीबेनच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हिनाबेन, तुमचं कौतुक खरं, पण माझं गिऱ्हाईक कौतुक खात नाही."

हिनाबेन ओशाळल्या. शाळेतली शेगडी मंद, इथली आच मोठी. वीस आकडे तिथलेच होते. चूक शिकवणाऱ्याची होती. त्या पदर खोचून तव्यापाशी बसल्या आणि बंसरीचा तळवा त्यांनी माझ्या मुठीवर ठेवला. ओल्या पोळीची वाफ मला खालून ढकलत असते, हे मला वीस वर्षे ठाऊक होते. पण मला विचारतो कोण?

"आता मोजू नकोस. हाताला काय लागतंय?"

"ढकलतोय!" बंसरी खुदकन हसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता गप्प बसला."

"मग उलट."

त्या दिवशी मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पंधराव्या दिवशी जशीबेननी घाई केली. "उलट की गं, मुहूर्त बघतेस का?"

"थांबा ना, अजून ढकलतोय."

वसुमतीबेननी तिचा खाखरा उचलून मोडला. कट्कन आवाज आला. अर्धा खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "हिनाबेन, उद्यापासून येऊ नका."

बंसरीचा चेहरा उतरला. माझाही जीव खालीवर झाला.

"ही एकटी येईल," वसुमतीबेन म्हणाल्या. "कामावर."

पहिल्या पगाराचे गाठिये बंसरीने सगळ्यांना वाटले. जशीबेनना मात्र बजावले, "तुम्ही एकच मूठ घ्यायची."

मित्रांनो, आम्हा जुन्या अवजारांना पुसून, उन्हात वाळवून ठेवत जा. आणि उद्या तुम्ही दुकान काढाल, तेव्हा एखादी बंसरी दाराशी आली आणि तिचा पहिला खाखरा करपला, तर तिला लगेच घरी धाडू नका. आधी तिच्या शेजारी बसून बघा, आपले शिकवणे कुठे चुकते आहे.