कॅचरच्या ग्लोव्हलाही मत असतं

मित्रांनो, मी एक जुना ग्लोव्ह आहे. क्रिकेटच्या विकेटकीपरचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही चूक जो तो करतो आणि माझं डोकं फिरतं. मी सॉफ्टबॉलच्या कॅचरचा ग्लोव्ह. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ. बॉल जरा मोठा, आणि तो खांद्याखालून, हात गोल फिरवून टाकायचा. टाकणारा तो पिचर. बॅटला न लागलेला त्याचा प्रत्येक बॉल माझ्याकडे येतो. त्यामुळे पिचर कोणी व्हावं आणि कोणी अजिबात होऊ नये, याबद्दल माझं मत पक्कं असतं. ते मला कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. जाड चामडं, आत भरपूर गादी, कडेने चामड्याच्या वाद्या. तिथून मी जळगावच्या एका कॉलेजात आलो आणि अलकनंदा नावाच्या दणकट मुलीच्या हातात बसलो. ती कॅचर. समोरून बॉल टाकायची तिची मैत्रीण उर्मिला. काय सांगू तुम्हाला! उर्मिला हात फिरवायची आणि बॉल जिथे मला धरलेलं असेल तिथेच येऊन बसायचा. चार वर्षांत मला जागचं हलावं लागलं असेल ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. कॉलेज संपलं तेव्हा अलकनंदाने मला उर्मिलाला देऊन टाकलं. "तुझ्या बॉलनेच हा असा झालाय, तूच सांभाळ," म्हणाली.

मग लग्न, नोकरी, मुलगी इशिता. मी माळ्यावर गेलो. तिथली वर्षं मी तुम्हाला सांगत बसत नाही, सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

दोन हजार आठ साली उर्मिलाचा नवरा सुभाष, तो डॉक्टर, लिमरिकच्या हॉस्पिटलात लागला आणि सगळं घर आयर्लंडला निघालं. उर्मिलाने मला इशिताच्या स्वेटरांमध्ये गुंडाळून बॅगेत घातलं. सुभाष म्हणाला, "हे कशाला आता?" ती म्हणाली, "राहू दे." एवढंच बोलणं झालं. नव्या घरात मला कुठे ठेवायचं असं विचारल्यावर छोटी इशिता म्हणाली, "इन द प्रेस!" मी घाबरलो. मला वाटलं आता मला इस्त्री करणार! मग कळलं, इथे कपाटाला प्रेस म्हणतात. गेलो बापडा प्रेसमध्ये.

उर्मिलाला लिमरिकजवळच्या शॅननमध्ये एका कारखान्यात नोकरी मिळाली. माल तपासायच्या खात्यात. तिथल्या औद्योगिक वसाहतीत अमेरिकन कंपन्या पुष्कळ, म्हणून उन्हाळ्यात कंपन्या-कंपन्यांची सॉफ्टबॉलची स्पर्धा व्हायची. लिमरिकहून हॉस्पिटलची टीमसुद्धा यायची. आमच्या कारखान्याचा कॅप्टन शशिकांत. पुण्याचा इंजिनिअर, मनाने चांगला, उत्साही, पण डोक्यात फक्त क्रिकेट. दोन हजार बाराच्या मे महिन्यात तो जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, आपल्याकडे कॅचरचा ग्लोव्हच नाही. दुसऱ्या दिवशी उर्मिला मला घेऊन गेली. तिच्या एका हातात मी होतो, दुसऱ्या हातात सगळ्यांसाठी केलेल्या पोह्यांचा डबा.

"अरे वा! थँक्यू वहिनी," शशिकांत म्हणाला. "सुभाषचा का?"

मित्रांनो, सुभाष शशिकांतचा मित्र, म्हणून उर्मिला त्याची वहिनी. आणि त्याची वहिनी म्हणून सगळ्या टीमची वहिनी. टीममधल्या गोऱ्या आयरिश डोनलला तर ते तिचं नावच वाटायचं. तो "हाऊ आर या, व्हॅनी?" म्हणायचा. एकदा वहिनी झालं की पोह्यांचं कौतुक होतं, पण तुम्ही काय खेळायचात हे कोणी विचारत नाही. ती काहीतरी सांगणार होती. मला तिच्या बोटांवरून कळलं. पण तेवढ्यात कोणीतरी चमचे कुठे आहेत विचारलं आणि ती म्हणाली, "घरात होता." चमचे शोधायला गेली. मी चरफडलो!

झालं. शशिकांतने मला हातात चढवलं, स्वतः कॅचर झाला आणि यादी केली. आता त्या यादीबद्दल माझं मत ऐका. डोनल सव्वासहा फूट उंच, त्याला पहिल्या बेसवर, म्हणजे पळणाऱ्याने पाय टेकवायच्या पहिल्या थांब्यावर, उभं केलं, ते बरोबर. मान्य. पण पिचर कोण, तर केदार! का? तर तो पुण्यात क्लबच्या टीममधून फास्ट बोलिंग टाकायचा. अरे बाबा, पिचरचं काम जोर नव्हे, जागा! केदारचा पहिला बॉल माझ्या डोक्यावरून, दुसरा पायाखालून, तिसरा थेट पंचांच्या पोटात. बॅटिंगला आला की पठ्ठ्या बॅट घेऊनच पळायचा आणि पाय टेकवायच्या ऐवजी बेसला बॅट टेकवायचा. दोनदा असा आउट झाला आणि दोन्ही वेळा पंचांशी भांडला.

आणि उर्मिला? राइट फील्डमध्ये! मैदानाच्या त्या कोपऱ्यात, जिथे बॉल चुकूनच जातो. मैदान तिथल्या गेलिक फुटबॉलच्या क्लबकडून मागून घेतलेलं असायचं. उंच गोलपोस्टच्या पलीकडे विमानं उतरायची, आणि ती बिचारी रिमझिम पावसात विमानं बघत उभी राहायची. कधीकधी तिचा उजवा हात आपोआप गोल फिरायचा. ते फक्त मला दिसायचं.

तरी आम्ही जिंकत गेलो. त्याला कारण शशिकांतची युक्ती. तो पिचरला मराठीतून ओरडून सांगायचा. "बाहेर टाक!" "हळू टाक!" "आता जोरात!" समोरच्या आयरिश बॅट्समनला ओ का ठो कळायचं नाही. केदारने दहातले चार बॉल जरी सांगितल्यासारखे टाकले तरी समोरचा गोंधळायचा. आम्ही चक्क फायनलला पोचलो आणि शशिकांतला आभाळ ठेंगणं झालं.

त्याच आठवड्यात सुभाषला दूरच्या पोर्टलीश गावच्या हॉस्पिटलात जागा मिळाली. महिनाअखेरीस घर हलणार. फायनलच्या सकाळी उर्मिलाने मला मांडीवर घेऊन तेल चोळलं. इशिता शेजारी टोस्ट खात होती. उर्मिला तिला म्हणाली, "आज शेवटची मॅच. एक इनिंग मिळाली ना टाकायला, तरी पुरे झालं असतं गं मला."

"सो टेल हिम, आई," इशिता म्हणाली. "जस्ट टेल हिम!"

"बघू," उर्मिला म्हणाली. हे 'बघू' मी वीस वर्षं ऐकत आलोय.

फायनल होती हॉस्पिटलच्या टीमशी. मैदानात उतरल्यावर शशिकांतच्या लक्षात आलं, की हॉस्पिटलच्या नऊ जणांत पाच डॉक्टर आहेत मिरज, सोलापूर आणि नागपूरचे, आणि त्यात सुभाषही आहे. पण लक्षात येऊन उपयोग काय? सवय कुठे जाते! पहिल्याच इनिंगमध्ये हा ओरडला, "बाहेर टाक!" आणि मिरजेच्या डॉक्टरांनी एक पाऊल पुढे टाकून बॉल असा हाणला की तो मेंढ्यांच्या कुरणात गेला. "धन्यवाद हं!" पळता पळता ते म्हणाले. सगळी हॉस्पिटलची टीम हसून लोटपोट. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू?

तरीही सामना रंगला. शेवटच्या इनिंगला आम्ही एका धावेने पुढे होतो आणि त्यांचे दोन जण आउट झाले होते. आणखी एक आउट, की कप आमचा. इथे केदारचा हात सुटला. चार बॉल चुकीचे पडले की बॅट्समनला फुकट बेस मिळतो. केदारने असे ओळीने तीन जणांना बेस वाटले. तिन्ही बेस भरले. आता चौथ्यालाही तसंच दिलं की बरोबरी. आणि चौथा आला सुभाष, हसत हसत, बॅट फिरवत.

शशिकांत केदारजवळ गेला. मी त्याच्या हातातच होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. "माझा खांदा गेलाय रे," केदार म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. शशिकांत इकडेतिकडे बघू लागला. पंच होती पॅकिंगमधली नोरीन. ती म्हणाली, "टेक युअर टाइम, यू आर ग्रँड." ग्रँड म्हणजे इथे 'ठीक'. पण हे ती घड्याळाकडे बघून म्हणाली.

तेव्हा राइट फील्डमधून उर्मिला पळत आली. धापा टाकत समोर उभी राहिली. माझी वादी न् वादी ताणली गेली. बोल बाई, आता तरी बोल!

"शशिकांत, हा ग्लोव्ह सुभाषचा नाही," ती म्हणाली. "माझा आहे. मी युनिव्हर्सिटीची पिचर होते. चार वर्षं याच्यात बॉल टाकलेत."

"काय सांगता वहिनी! मग आधी का नाही बोललात?"

"चुकलंच माझं. आता बोलतेय. आणि वहिनी नको, उर्मिला म्हण. बॉल दे."

केदारने तिच्या हातात बॉल ठेवला आणि, शाब्बास त्या पोराची, स्वतःच राइट फील्डकडे चालू लागला. शशिकांत म्हणाला, "मी काय सांगू? आत, बाहेर?"

"काही सांगू नकोस. ग्लोव्ह धर, आणि हलवू नकोस."

पहिला बॉल उंच गेला. शशिकांतने उडी मारून अडवला, नाहीतर बेसवरचे पळत सुटले असते आणि संपलंच होतं. सुभाष म्हणाला, "उर्मिला, जमेल ना? लागेल हं तुला." तिने बॉल बोटांत नीट धरला. हात गोल फिरला आणि फाट! माझ्या तळव्याच्या बरोबर मध्यभागी. सुभाषची बॅट खांद्यावरच राहिली. मित्रांनो, त्या ठणक्याने माझे डोळे भरून आले. मला डोळे नाहीत, तरीसुद्धा! तिसऱ्या बॉलला सुभाषने बॅट घातली आणि तो कडेला बाहेर गेला. असा हुकलेला किंवा सोडलेला चांगला बॉल म्हणजे स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक म्हणजे आउट. दोन झाले. आता एकच हवा होता.

रेषेबाहेरून इशिता किंचाळत होती, "गो ऑन, आई! गो ऑन!" शशिकांतला राहवेना. सवयीचा गुलाम! तो सगळं विसरून बेंबीच्या देठापासून ओरडला, "जोरात!"

सुभाषने ऐकलं. पाय रोवले, डोळे मोठे केले, बॅट आवळली. उर्मिलाचा हात तसाच वेगाने फिरला, पण सुटलेला बॉल असा संथ, असा निवांत आला, की जणू जेवण करून शतपावलीला निघालाय. सुभाषची बॅट केव्हाच फिरून गेली होती. तो स्वतःभोवती गिरकी घेऊन चिखलात बसला. बॉल आला आणि अलगद माझ्यात विसावला.

नोरीनने आउटची मूठ उंचावली आणि डोनलने उर्मिलाला उचलूनच घेतलं. चिखलात बसलेला सुभाष तक्रार करत होता, "अगं, तो जोरात म्हणाला होता!"

"तो म्हणाला," उर्मिला म्हणाली, "मी कुठे म्हणाले?"

सगळ्यात मोठ्याने हसला तो सुभाषच. उठला, चिखलाच्या हातांनीच मला शशिकांतकडून मागून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "वीस वर्षं माझ्या घरात पिचर राहतेय आणि मी हिला टेनिसच्या बॉलनेसुद्धा खेळायला बोलावलं नाही." मग मला हातात घालून वीस पावलं लांब जाऊन उकिडवा बसला. "टाक," म्हणाला. आणि ती टाकत राहिली. चहा थंड झाला, कपाचे फोटो काढून झाले, पाऊस आला आणि गेला, तरी टाकतच राहिली. सुभाषने अर्धे बॉल सोडले. कॅचर म्हणून त्याच्याबद्दल माझं मत फार वाईट आहे.

मित्रांनो, आम्हा चामड्याच्या वस्तूंना वर्षातून दोनदा तेल लावा, ओले झालो तर चुलीजवळ नका ठेवू, सावलीत वाळवा. एवढं केलंत तर आम्ही पन्नास वर्षं टिकतो. पण माणसं प्रेसमध्ये ठेवून टिकत नाहीत. तुमच्या घरात कोणी 'बघू' म्हणत असेल, तर तिला आजच मैदानात न्या आणि बॉल तिच्या हातात द्या. पहिला उंच जाईल. जाऊ द्या. दुसऱ्यासाठी थांबा.