सोबत एक सहायक

माझी बायको सभागृहाची सदस्य आहे आणि मी पंखे दुरुस्त करतो. घरात बोलते ती, वारा घालतो मी, असं मी चारचौघांत म्हणतो आणि ती मला कोपराने ढोसते.

साथ आली तशी सभागृहात साथीचा कायदा आला. त्यावर ही बाई घसा बसेपर्यंत भांडली. कलम न् कलम सोलून काढलं, दोनदा मंत्र्यांना माघार घ्यायला लावली. मी दुकानात रेडिओ मोठा करून गिऱ्हाइकांना ऐकवत होतो. पुढे त्या कायद्याच्या आधाराने खात्याने नियम काढले. नियमांवर असं भांडण होत नाही. ते सभागृहाच्या टेबलावर ठेवतात, आणि मुदतीत कोणी हरकत घेतली नाही की ते आहेत तसे चालू राहतात. त्यात एक नियम होता: उपचार केंद्रात नातेवाइकांना प्रवेश नाही. सदस्यांना पाहणीसाठी जाता येईल, सोबत एक सहायक.

हिने तो वाचला होता.

"अहो, कायद्यात एखादा शब्द बदलून मागता येतो," ती म्हणाली. "नियमांचं तसं नाही. घ्या तर सगळे घ्या, नाहीतर सगळे टाका. बाकीचे चांगले आहेत."

"म्हणजे एक पातं वाकडं म्हणून अख्खा पंखा भंगारात."

"तेच तर. राहू दे."

मलाही पटलं. खोटं कशाला बोलू? मग माझ्या आईला ताप आला आणि तिला केंद्रात नेलं.

मी रोज फाटकापर्यंत जाऊन परत यायचो. शेवटी मीच म्हटलं, "तुझा सहायक म्हणून ने मला." "हे बरोबर नाही," ती म्हणाली, आणि कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून दिला.

बायको पुढे होऊन पहारेकऱ्याकडे नोंद करत होती. फाटकाशी बाकावर एक चष्मेवाली बाई बसली होती, मांडीवर घडी केलेला स्वेटर. मला पाहून उठली. "साहेब, आत जाताय ना? माझे मिस्टर दाराजवळच्या खाटेवर आहेत, टक्कल आहे त्यांना. एवढंच सांगा, मी इथेच बसलेय."

मी बगलेतली फाईल सावरली. तिच्यात दुकानाची बिलं होती. "आम्ही सरकारी कामावर आहोत, बाई," मी म्हणालो. इतकं सफाईदार निघालं की जन्मभर हेच करत आलोय असं कोणालाही वाटावं.

बायको डॉक्टरांबरोबर पाहणी करत पुढे गेली. आई उशीला टेकून बसली होती. "तू कसा आलास रे? इथे कोणाला सोडत नाहीत."

"सहायक म्हणून."

"कपबशी उचल म्हटलं तर तुला ऐकू येत नाही. सहायक म्हणे," ती हळूच म्हणाली आणि चादरीखालून माझा हात घट्ट धरला. तेवढ्यासाठी मी काहीही केलं असतं.

निघताना दाराजवळच्या खाटेवरून हाक आली. "साहेब, बाहेर एक चष्मेवाली बाई दिसली का हो?"

नर्स शेजारीच उभी होती. पाहणीला आलेला माणूस नातेवाइकांचे निरोप पोचवायला लागला असता तर माझं पितळ उघडं पडलं असतं, आणि मला उद्याही यायचं होतं.

"लक्ष नव्हतं माझं," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

गाडीत मी बायकोला सगळं सांगितलं. मला स्वतःची किळस आली होती. तिने गाडी कडेला घेतली.

"मुदत अजून आहे. उद्या सभागृहात मी हरकत घेते," ती म्हणाली.

"सगळे नियम पडले तरी?"

"पडू देत. खातं लगेच नवे काढेल, ते वाकडं पातं सरळ करून."

"मग हे आधी का नाही सुचलं?"

"सुचलं होतं," ती म्हणाली. "आधी आपली आई आत नव्हती."

सुरुवातीला पटलं तर मलाही होतं.

दुसऱ्या दिवशी हिने हरकत घेतली. मतदानाची वेळच आली नाही. नियम पडायला नकोत म्हणून खात्याने तिथल्या तिथे माघार घेतली: प्रत्येक रुग्णाला एक नातेवाईक भेटू शकेल. आम्ही तडक केंद्रावर गेलो. पहारेकरी फाटकावर नवा कागद चिकटवत होता.

बाई बाकावरच होती. स्वेटर तसाच मांडीवर. पहारेकरी हलक्या आवाजात म्हणाला, "यांचे मिस्टर पहाटे गेले."

माझी बायको तिच्याशेजारी जाऊन बसली. बाईने मला ओळखलं.

"साहेब, काल तुम्ही आत गेला होतात. त्यांनी माझं विचारलं का हो?"

"विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

बायको माझ्याकडे पाहत होती.

"सांगितलं," मी म्हणालो, "तुम्ही इथेच बसलायत म्हणून."

बाईने माझे दोन्ही हात धरले. "फार उपकार झाले," म्हणाली. "त्यांना तेवढं कळायला हवं होतं."

घरात माझी साधी थाप पकडल्याशिवाय जिला चैन पडत नाही, ती माझी बायको मान खाली घालून बसून राहिली.